सरासरी पटाची शाळा कुठे भरते?

२०२२ साली राज्य सरकारने वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांची माहिती गोळा केली. आकडे आले ते असे: शाळा १४,७८३, विद्यार्थी १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. भागाकार केला की शाळेमागे साडेबारा मुलं आणि शिक्षकामागे सहा. मग नेहमीचं भांडण सुरू झालं. सहा मुलांमागे एक पगार कशाला, असं एक बाजू म्हणाली. गोरगरिबांच्या शाळा बंद करायचा हा डाव आहे, असं दुसरी म्हणाली. गंमत म्हणजे ‘सहा’ हा आकडा दोघांनीही मुकाट मान्य केला. त्या सहा जणांत इयत्ता किती आणि त्यांच्या वाट्याला शिक्षक दिवसातली किती मिनिटं येतो, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

याच राज्यात गोवंडी-मानखुर्दकडे महापालिकेच्या वर्गांत बाकावर तिसरं मूल दाटीवाटीने बसतं. शाळा दोन सत्रांत भरते आणि सकाळची मुलं जिना उतरत असतात तेव्हा दुपारची चढत असतात. राज्याची सरासरी काढताना ही शाळा आणि संगमेश्वरातली एखादी वाडी एकाच बेरजेत जातात. उत्तर तिशीच्या आतबाहेर येतं आणि सगळं आलबेल दिसतं.

सरासरी इथे नेमकं काय लपवते, ते छोट्या हिशेबात पाहू. सहा खोल्या घ्या. पाच खोल्यांत आठ-आठ मुलं, सहाव्या खोलीत साठ. एकूण मुलं शंभर, म्हणजे खोलीमागे सरासरी १६.७. शिक्षणाधिकाऱ्याच्या तक्त्यात हाच आकडा जाईल आणि तो चूक नाही. आता खोलीऐवजी मुलाला विचारा, ‘तुझ्या वर्गात किती जण?’ चाळीस मुलं ‘आठ’ सांगतील, साठ मुलं ‘साठ’. या शंभर उत्तरांची सरासरी ३९.२ येते. शाळेच्या बाजूने मोजलं तर सतरा, मुलाच्या बाजूने मोजलं तर एकोणचाळीस. दोन तालुक्यांची किंवा दोन राज्यांची तुलना करणाऱ्याने यातली कुठली सरासरी घेतली हे आधी सांगावं. बहुतेक जण सांगत नाहीत.

नियम काय म्हणतो, ते पाहू. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी पायऱ्या दिल्या आहेत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. दीडशेच्या वर पट गेला की पाचांशिवाय एक मुख्याध्यापक. दोनशेच्या पुढे मुख्याध्यापक वगळून एका शिक्षकामागे चाळीसपेक्षा जास्त मुलं नकोत. लोकांच्या तोंडी ‘तीसला एक’ बसलं आहे, पण १२१ ते २०० ही पायरी नीट बघा. १२१ मुलांना पाच शिक्षक म्हणजे चोवीस, दोनशेला पाच म्हणजे थेट चाळीस. कायदा मोडलेला नाही, तरी वर्ग दीडपटीहून मोठा.

पायऱ्यांचा दुसरा परिणाम शाळेतल्या माणसांना पाठ असतो. साठ पटाला तीस मुलांमागे एक शिक्षक, एकसष्टला वीस मुलांमागे एक. एका दाखल्यावर एक पद येतं आणि एका दाखल्यावर जातं. म्हणून जूनमध्ये शिक्षक घरोघरी फिरतात, म्हणून शेजारच्या शाळेने मूल ‘पळवलं’ की वाद होतात, म्हणून एखाद्या कुटुंबाने मुंबई गाठली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवतात त्यात, एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाला, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणीला, बसतो. इस्रायलमध्ये चाळीसच्या वर पट गेला की तुकडी फोडायची, असा जुना दंडक आहे. त्याचं मूळ बाराव्या शतकातल्या एका धर्मपंडिताच्या नियमात सांगतात. चाळीसचा वर्ग आणि लगेच पुढे एकवीस-वीसचे दोन, या उडीचा उपयोग करून तिथल्या संशोधकांनी १९९९ साली वर्गाच्या आकाराचा परिणाम मोजला. मुलं सारखी, वस्ती सारखी, फरक फक्त चाळिसाव्या आणि एकेचाळिसाव्या मुलाचा. आपल्याकडे अशा उड्या गावोगाव आहेत, पण त्यांच्याकडे कुणी संशोधनाचं साधन म्हणून बघत नाही, आस्थापनेची कटकट म्हणून बघतात.

खरी गोम याहून खोल आहे. कायदा डोकी मोजतो आणि अभ्यासक्रम इयत्तांनी येतो. पहिली ते पाचवी या पाच इयत्तांना पाच शिक्षक पहिल्यांदा मिळतात ते १२१ व्या मुलाला. त्याआधी प्रत्येक शाळेत कुणीतरी एकाहून जास्त इयत्ता सांभाळतोच.

यासाठी मी दोन मापं सुचवतो, दोन्ही मिनिटांची. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. या २४० ला खोलीतल्या इयत्तांनी भागलं की इयत्तेची मिनिटं मिळतात, म्हणजे शिक्षक त्या इयत्तेला थेट किती वेळ शिकवू शकतो. खोलीतल्या मुलांनी भागलं की मुलाची मिनिटं, म्हणजे एकेकाच्या वहीकडे, वाचनाकडे बघायला किती वेळ उरतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत, एकातून काढून दुसऱ्यात घालावी लागतात. तरी कमाल मर्यादा कळते.

अठरा पटाची वाडीतली द्विशिक्षकी शाळा घ्या: पहिलीत चार, दुसरीत तीन, तिसरीत पाच, चौथीत दोन, पाचवीत चार. रूढ वाटणी अशी की एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. दुसऱ्या खोलीत अकरा मुलं आणि तीन इयत्ता. मुलाची मिनिटं जवळपास बावीस, इयत्तेची ऐंशी. ऐंशीत मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास बसवायचे, म्हणजे कला-खेळ बाजूला ठेवले तरी विषयाला वीस मिनिटं. शहरातली पन्नासची एकइयत्ता तुकडी घ्या. इयत्तेला पूर्ण २४०, विषयाला साठ, पण मुलाला पाच मिनिटंही नाहीत. एका वहीला एक मिनिट धरलं तरी पन्नास वह्या तपासण्यात दीड तासिका जाते, मग वह्यांवर नुसती बरोबरची खूण पडते आणि चुकीचा हातचा महिनोन्‌महिने तसाच राहतो.

आता सरासरी पटाची शाळा बघू. मुलं १२०, शिक्षक चार, एका शिक्षकामागे बरोब्बर तीस. प्रत्येक इयत्तेत चोवीस मुलं धरली तर तिघांकडे एकेक इयत्ता जाईल आणि चौथ्याकडे दोन इयत्तांची मिळून ४८ मुलं. त्या खोलीत इयत्तेला १२० मिनिटं आणि मुलाला पाच. वाडीतल्या शाळेची इयत्तांची अडचण आणि शहरातल्या शाळेची गर्दीची अडचण, दोन्ही तिथेच. तक्त्यात मात्र ही शाळा सगळ्यात निर्दोष दिसते. तालुक्याच्या बैठकीत तिचं नाव निघत नाही, कारण ती लाल रंगातही नसते आणि हिरव्यातही नसते. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खोली हीच.

इतर देशांनी हे कसं हाताळलंय? इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने लहान मुलांच्या वर्गांना, म्हणजे साधारण सात वर्षांपर्यंत, एका शिक्षकामागे तीसची मर्यादा घातली. ती शाळेच्या सरासरीला नाही, वर्गाला आहे. स्कॉटलंडमध्ये पहिलीला २५, दुसरी-तिसरीला ३०, वरच्या इयत्तांना ३३ आणि एकाहून जास्त इयत्ता एकत्र असतील तर पुन्हा २५. जपान आणखी पुढे गेला. तिथे प्राथमिकची मर्यादा चाळीसवरून पस्तीसवर आणायचा निर्णय २०२१ मध्ये झाला, टप्प्याटप्प्याने. पण लागून असलेल्या दोन इयत्ता एका खोलीत बसवायच्या असतील तर दोन्हींची मिळून मुलं सोळापर्यंतच, आणि त्यात पहिली असेल तर आठपर्यंत. म्हणजे इयत्ता वाढली की पट कमी करायचा, हे तिथल्या निकषातच आहे. आपल्या अनुसूचीत बहुवर्ग, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच खोलीत अनेक इयत्ता, हा प्रकार अस्तित्वातच नाही, आणि बहुवर्ग खोल्यांची संख्या मात्र डोळ्यांत भरणारी.

कोकणात शाळा लहान का, याचं उत्तर नकाशात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाव म्हणजे पाच-सात वाड्या, मध्ये डोंगर, पऱ्ह्या, ओहोळ. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा निकष. सपाटीवर एक किलोमीटर म्हणजे दहा-बारा मिनिटं. पऱ्ह्याला पाणी आलं की जुलैत तेच अंतर पार होत नाही. त्यात चाकरमान्यांची मुलं मुंबई-ठाण्यात आणि गावी राहिलेल्यांची इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत. मेळघाटात, भामरागडला कारणं निराळी, पण शाळेचा आकार तोच. गोव्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतही हेच चित्र दिसतं.

इथले शिक्षक उचलून गर्दीच्या ठिकाणी न्या, हा उपाय कागदावर बिनतोड आहे. तीसला एक या दराने बारा मुलांना ०.४ शिक्षक पुरतो. ०.४ शिक्षक पाठवता येत नाही. एक पाठवला तर शाळा एकशिक्षकी होते आणि मग त्याच्या गैरहजेरीचा हिशेब मांडावा लागतो. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद, प्रशिक्षण, मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, किरकोळ रजा. द्विशिक्षकी शाळेत एक जण गेला की त्या दिवशी उरलेल्याकडे पाच इयत्ता, इयत्तेला ४८ मिनिटं, विषयाला बारा. एकशिक्षकीत तो गेला की शाळा बंद, किंवा शेजारच्या शाळेतून कुणीतरी येतो आणि तिथली ४८ मिनिटं सुरू होतात. शिवाय कोकणातल्या पदांवर घाटावरचे, मराठवाड्याचे, विदर्भाचे उमेदवार मोठ्या संख्येने लागतात आणि आंतरजिल्हा बदलीने घरी परततात. जागा मंजूर, माणूस नाही. म्हणून तुलनेत मंजूर पदं घेतली की कार्यरत, हेही विचारायला हवं. कायद्याने कुठल्याही शाळेत रिक्त पदं दहा टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, पण जिल्ह्याची सरासरी दहा टक्क्यांत बसली तरी शाळेचं चित्र वेगळं असू शकतं. दोन पदांच्या शाळेत एक रिक्त म्हणजे पन्नास टक्के.

लहान शाळेचे गोडवे गायचं कारण नाही. चौथीत दोनच मुलं असली की गटात चर्चा होत नाही, एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याला आपली चूक उमगत नाही. खो-खोला एका बाजूचे नऊ मैदानात लागतात, ते अख्ख्या शाळेतून जमत नाहीत. पाच वर्षं तोच एक वर्गमित्र आणि त्याच्याशी भांडण झालं तर मग कुणी नाही. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळांचा, दाखला देतात तो याच कारणाने, आणि त्यात तथ्य आहे. फक्त समूह शाळेचा हिशेब करताना गाडीचा वेळ मुलाच्या दिवसात धरावा, पावसाळ्यात गाडी वाडीपर्यंत येते का हे बघावं, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना तो नियम लावावाच का, हे वेगळं ठरवावं. सहा वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल एकाच अंतराने मोजणं मला पटत नाही.

बहुवर्ग हा रोग नव्हे, तशी तयारी नसणं हा रोग. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी धडे कार्डांत मोडले आणि कार्डांची शिडी केली. मूल आपल्या पायरीवरून पुढे जातं आणि इयत्तेच्या भिंतीला तिथे फारसा अर्थ उरत नाही. तमिळनाडूने त्याच वाटेची पद्धत सरकारी शाळांत नेली. आपल्याकडे पाठ्यपुस्तक इयत्तेचं, शिक्षक हस्तपुस्तिका इयत्तेची, चाचणी इयत्तेची, आणि खोलीत इयत्ता तीन.

मराठवाड्याचं प्रकरण तारखेचं आहे. संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे पट मोजतात त्या दिवशी वर्ग भरलेला आणि पुढचे पाच-सहा महिने अर्धा. शिक्षक पटाप्रमाणे मिळाला, मुलं गेली. तिकडे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या कारखान्याच्या तळाजवळची शाळा बघा. तिथे नोव्हेंबरपासून नवी मुलं वर्गात बसतात, पण ३० सप्टेंबरच्या पटात ती नव्हती, म्हणून शिक्षक नाही, आणि आहार-पुस्तकांची जुळवाजुळव मुख्याध्यापकाच्या गळ्यात. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि जाणाऱ्यांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड हे उपाय आले, पण एक मूल मागे राहतं आणि चार जातात तिथे पटाचं गणित फसलेलंच राहतं. या भागाची तुलना एका तारखेच्या आकड्यावर करणं म्हणजे आषाढीचं पंढरपूर पाहून गावाची लोकसंख्या सांगणं.

सरकारला पटाबद्दल संशय का, याला इतिहास आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला शाई लावून. कागदावरची लाखो मुलं जागेवर सापडली नाहीत. त्यानंतर भरती अनेक वर्षं थांबली, विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीची सरल प्रणाली आली, आधार आलं. बनावट पट कमी झाला हे चांगलं झालं. पण ज्या मुलाचं आधार जुळत नाही ते वर्गात बसूनही संचमान्यतेतून गळू शकतं, आणि अशी मुलं सर्वांत जास्त कुठे असतात? वीटभट्टीवर, पालावर, झोपडपट्टीत. जिथे खोली आधीच भरलेली, तिथेच कागद रिकामा.

मुंबईत तर एकाच महापालिकेत दोन प्रदेश नांदतात. महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते. दादर-गिरगावात मराठी माध्यमाच्या पटाला गळती, आणि पूर्व उपनगरांत उर्दू-हिंदी-इंग्रजीच्या वर्गांत जागा नाही. मराठीचा शिक्षक अतिरिक्त ठरला तरी त्याला उर्दूच्या पहिलीवर पाठवता येत नाही. त्यामुळे शहराची सरासरी इथे शुद्ध निरुपयोगी आहे, माध्यमनिहाय आणि विभागनिहाय आकडा हवा. गर्दीच्या खोलीत आणखी एक माप लागतं ते चौरस फुटांचं. वीस बाय वीसची खोली आणि साठ मुलं म्हणजे डोक्यामागे साडेसहा चौरस फूट, टेबल-कपाट धरून. बाकांमधून शिक्षकाला जाता येत नाही, म्हणून मागच्या दोन रांगांतल्या वह्या त्याला दिसतच नाहीत. दुसरा शिक्षक दिला तरी दुसरी खोली नसेल तर तो उभा कुठे राहणार?

मग पट कमी केल्याने शिक्षण सुधारतं का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं याचा मोठा प्रयोग झाला. मुलं आणि शिक्षक दोघेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून १३ ते १७ मुलांचे आणि २२ ते २५ मुलांचे वर्ग केले, आणि काही मोठ्या वर्गांना मदतनीस दिला. लहान वर्गातली मुलं वाचन-गणितात पुढे राहिली, गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला, मदतनीसाने मात्र जवळपास काहीच फरक पडला नाही. ते पाहून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने खालच्या इयत्तांत वीसची मर्यादा घाईने आणली. हजारो शिक्षक एकदम लागले, अप्रशिक्षित घ्यावे लागले, आणि गरीब वस्त्यांतले अनुभवी शिक्षक सुखवस्तू भागांत निघून गेले. आंतरजिल्हा बदलीचे तक्ते पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

आपल्या जवळचा पुरावा मुंबई आणि वडोदऱ्याचा आहे. २००१ नंतर तिथल्या महापालिका शाळांत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं दिवसातले दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतली एक शिकलेली मुलगी, बालसखी, त्यांना वाचन आणि अंक शिकवायची. फायदा झाला तो बाहेर काढलेल्या मुलांना. वर्गात उरलेल्यांचा पट त्या दोन तासांत कमी झाला होता, शिक्षक तोच होता, पण त्यांच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. पस्तीसऐवजी वीस मुलं समोर असूनही शिक्षक फळ्यावर तेच लिहीत राहिला, तर मुलाची वाढलेली मिनिटं वापरलीच गेली नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावतो. टेनेसीचं तेराच्या वर्गाचं यश कोकणातल्या तेराच्या खोलीला लावता येत नाही, तेही यामुळेच. तिथे तेरा जण एका इयत्तेचे होते.

मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष पुन्हा बदलले, संघटनांनी विरोध केला, आणि वाद पुन्हा किती पटाला किती पदं यावरच अडकला. कुणाला दोन तालुक्यांची प्रामाणिक तुलना करायचीच असेल तर यू-डायसचा, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याचा, शाळानिहाय तक्ता घेऊन त्यात काही रकाने स्वतः भरावे लागतील. पहिली ते पाचवीचाच पट आणि त्यांनाच शिकवणारे कार्यरत शिक्षक, कारण पहिली ते सातवीच्या शाळेत दोन्ही स्तरांवर जाणारे शिक्षक आकडा फुगवतात. पाचवी या शाळेत आहे की हायस्कूलला जोडलेली. मग खोल्या किती आणि कुठल्या खोलीत कुठल्या इयत्ता, हे केंद्रप्रमुखाला फोन करून विचारावं लागतं, तक्त्यात ते नसतं. पट ३० सप्टेंबरचा, पण उपस्थिती हजेरीपटावरून एकदा जुलैची आणि एकदा जानेवारीची. त्यानंतर खोलीगणिक इयत्तेची आणि मुलाची मिनिटं काढायची, आणि सरासरीऐवजी सगळ्यात वाईट दहा खोल्यांची यादी करायची. शंभर शाळांच्या तालुक्याला दोन माणसांचं आठवडाभराचं काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीला तर आपल्या एका शाळेसाठी अर्धा तास पुरे, हजेरीपट हातात मिळाला तर.